उमरखेडच्या घराचे तीन रिपोर्ट

माझी पहिली नोकरी यवतमाळात, एका औषधाच्या दुकानाच्या वरच्या दीड खोलीत होती. तिथे एक निवृत्त इंजिनिअर बसत. सरकारी खात्यात आयुष्य घालवलेले, साठी ओलांडलेले, गुडघ्याने अधू. सगळे त्यांना साहेब म्हणत, मीही म्हणायची. कोणी घर विकत घेणार असलं की साहेब आधी जाऊन ते घर जोत्यापासून स्लॅबपर्यंत पाहत आणि काय ठीक, काय नाही, ते लिहून देत. बँकाही त्यांच्याकडून असे रिपोर्ट मागवत. मी सिव्हिलचा डिप्लोमा करून आलेली. रोज सकाळी बाभुळगावहून एसटीने यायचं, साहेबांनी हाताने लिहिलेले रिपोर्ट कॉम्प्युटरवर टाइप करायचे आणि फायली लावायच्या, एवढंच काम.

ती कापसाची वाईट वर्षं होती. एकामागून एक जिनिंग गिरण्या बंद पडत होत्या. ज्यांनी कापसाच्या धंद्यावर तालुक्याच्या गावांत पक्की घरं बांधली होती, ते घरं विकायला निघाले होते. घेत होते ते पगारवाले: मास्तर, नर्सबाई, एसटीतले लोक. विकणाऱ्याला वाटे, माझी अडचण ओळखून हा भाव पाडतो आहे. घेणाऱ्याला वाटे, इतकं चांगलं घर हा विकतो कशाला? आणि इंजिनिअर समोरच्याला फितला असणार, याबद्दल दोघांचंही एकमत असे.

मला संशयाची सवय घरातूनच होती. आमचा कापूस खरेदी केंद्रावर गेला की तिथला ग्रेडर ढिगात हात घालायचा आणि ‘ओला आहे’ म्हणून खालची प्रत लावायचा. वडील घरी आले की कोठीत उरलेल्या कापसात माझा हात खुपसायला लावत. ‘पाह्य बरं, ओला लागते का तुले?’ मला कोरडाच लागायचा. मग ते जेवायला बसत. कागदावर कोणी काही लिहिलं की त्याच्या मागे आणखी काहीतरी असतं, हे मी तेव्हापासून धरून चालत आले.

साहेबांच्या लोखंडी आलमारीत रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेले होते. एखादं जुनं घर शोधायचं तर तारीख आठवायला हवी, आणि ती कोणालाच आठवत नसे. बँकेचा फोन आला की अर्धा दिवस धुळीत जाई. रिपोर्टही तसेच. इंग्रजीत, चौदा-पंधरा पानांचे. साहेब घरात ज्या क्रमाने फिरत त्याच क्रमाने लिहीत, आणि काही आठवून मागे वळले तर रिपोर्टही मागे वळे. स्वयंपाकघराच्या ओलीबद्दलचं एक वाक्य विजेच्या मीटरच्या परिच्छेदात, दुसरं विहिरीच्या मापांपाशी. ज्यांच्यासाठी हे लिहिलेलं, ते लोक पहिलं पान पाहत, शेवटच्या पानावरची सही पाहत आणि विचारत, ‘साहेब, घ्याव का नाही, तेवढं सांगा.’

मी विचारून आलमारी नव्याने लावायला घेतली. तालुका, मग गाव, मग घर. आठवडाभर हे चाललं. उमरखेडचा गठ्ठा लावताना एकाच घराचे दोन रिपोर्ट हाती आले. घर एका कापूस व्यापाऱ्याचं. पहिला रिपोर्ट मे महिन्यातला, बँकेसाठी केलेला. त्यात लिहिलं होतं की मागच्या खोलीच्या भिंतीत खालून वर तिरकी भेग आहे, तीत रुपयाचं नाणं उभं शिरतं. दुसरा रिपोर्ट त्यानंतर सव्वा वर्षाने, सप्टेंबरात, मी रुजू व्हायच्या थोडं आधी, घर पाहायला आलेल्या कोणा गिऱ्हाइकासाठी. त्याच खोलीत, त्याच भिंतीवर, केसाएवढी भेग. सध्या काळजीचं कारण नाही.

दोन्हींवर साहेबांचीच सही.

नाणं जाणारी भेग केसाएवढी कशी होते? मी दोन्ही कागद शेजारी ठेवून बराच वेळ पाहत बसले. आणि मला आठवलं की मी रुजू झाले त्या दिवाळीत याच व्यापाऱ्याकडून ऑफिसात तुरीच्या डाळीचं पोतं आलं होतं. साहेबांनी ते रिक्षात घालून घरी पाठवलं होतं. मी दोन्ही रिपोर्टच्या त्या-त्या पानाचा कोपरा दुमडला आणि गठ्ठा बांधला.

पंधरा दिवसही झाले नसतील, तेच घर पुन्हा आमच्या दारात आलं. ढाणकीजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या बाई होत्या, चाळिशीच्या, एकट्या. बदली आता होणार नाही म्हणून उमरखेडला घर घ्यायचं ठरवलं होतं त्यांनी. साडीचा पदर खांद्यावर पिन लावून पक्का, हातात प्लॅस्टिकची फाइल. आमच्याकडचा अर्ज भरताना त्यांनी आडनाव लिहिलं, पेन उचललं आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी अर्ज घेतला. त्या वेळी मला त्या पाहण्याचा अर्थ कळला नाही.

साहेब म्हणाले, ‘गुडघा लय दुखून राह्यला. हे घर तू पाहून ये. टिपणं काढ, रिपोर्ट मी लिहितो.’

याआधी त्यांनी मला एकटीला कधी पाठवलं नव्हतं. मला वाटलं, त्यांना त्या घरात पाऊल टाकायचं नाही.

आर्णी, महागाव करत एसटी उमरखेडला पोचेपर्यंत अकरा वाजले. दिवाळी होऊन गेली होती. शिक्षिका फाटकापाशी उभ्या होत्या, आत गेल्या नव्हत्या. व्यापारी पायरीवर बसून होता. मोठा, गोरापान माणूस, पण शर्टाची कॉलर झिजलेली. त्याची भागीदारीतली जिनिंग आदल्या वर्षी बंद झाली होती, हे नंतर समजलं.

‘साहेब नाही आले?’ त्याने विचारलं.

‘त्यांची तब्येत बरी नाही.’

‘बरं. तुम्हाले कोणी पाठवलं, त्याईनं का ह्या मॅडमनं?’

‘साहेबांनी.’

‘नाही म्हटलं, विचारून घेतलेलं बरं.’

मी ज्या खोलीत गेले त्या खोलीत तो मागे आला. मी नळ सोडला की तो बंद करायचा. मी भिंतीवर टिचकी मारली की तोही तिथेच मारून पाहायचा. मागच्या खोलीला फिकट हिरवा रंग दिलेला होता, इतका ताजा की खोलीत वास होता. मी भिंतीला गाल लावून उजेडाच्या रेषेत पाहिलं. खालच्या कोपऱ्यातून तिरकी वर जाणारी एक पुसट उंच-सखल ओळ दिसली. कोणीतरी भेग बुजवून वरून रंग मारला होता.

‘हा रंग कधी दिला?’

‘दिवाळीचा आहे. दिवाळीले रंग नाही द्याव का मानसानं?’

शिक्षिका उंबऱ्यापाशी उभ्या होत्या. त्या भिंतीकडे पाहत नव्हत्या. माझ्याकडे पाहत होत्या.

परतताना त्या माझं गाव वगैरे विचारत माझ्याबरोबर बसस्थानकापर्यंत आल्या. बाकड्यावर बसल्यावर मला राहवलं नाही. मी सांगितलं की या घराचे आधीचे दोन रिपोर्ट आमच्याकडे आहेत, एकात मोठी भेग आहे आणि दुसऱ्यात ती नाहीशी झाली आहे. आमचे साहेब या प्रकरणात स्वच्छ आहेत असं मला वाटत नाही. तुम्ही हे घर घेऊ नका.

मला वाटलं होतं त्या आभार मानतील. निदान घाबरतील. त्यांनी मांडीवरची फाइल सरळ केली.

‘तू बाभुळगावची नं? शेती आहे घरी?’

‘हो.’

‘मंग एक सांग. मी याच्याआधी दोन घरं पाह्यली. पहिल्या घरी चहा झाला, बोलणं झालं, मंग आडनाव विचारलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला का घराले वाळवी हाय. दुसऱ्या घरी आडनाव ऐकून भावाची संमती नाही निंघाली. माह्यं आडनाव ऐकलं का घराईले रोग लागतात, बाई. आता ह्या घराले भेग निंघाली. तू मले वाचवून राह्यली, का त्या गल्लीले माह्यापासून वाचवून राह्यली?’

मी म्हटलं, ‘तसं नाही हो.’ तो आवाज मलाच खोटा वाटला. मी त्यांच्या जागी असते तर मीही विश्वास ठेवला नसता. माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. एक पुसट ओळ, दोन कागद आणि डाळीचं पोतं.

‘रिपोर्ट द्या,’ त्या उठताना म्हणाल्या. ‘जे हाय ते लिहून द्या. मंग पाहू.’

दुसऱ्या दिवशी मी दुमडलेल्या कोपऱ्यांचे दोन्ही रिपोर्ट साहेबांच्या टेबलावर ठेवले. तोंडातून शब्द कसे निघाले ते आठवत नाही, पण डाळीचा उल्लेख मी केला नाही, इतकं आठवतं. साहेबांनी चष्मा लावला. दोन्ही पानं पाहिली. मग दुसरा रिपोर्ट माझ्याकडे सरकवला.

‘पान अकरा वाच.’

अकराव्या पानावर पाण्याच्या टाकीचं वर्णन होतं. टाकीचं झाकण, टाकीची क्षमता, आणि त्याच परिच्छेदाच्या मधोमध एक वाक्य, ज्याचा अर्थ असा की घर काळ्या जमिनीवर आहे, पाहणी पावसाळ्यात झाली आहे, माती फुगल्याने मागच्या भिंतीची भेग सध्या मिटलेली आहे, उन्हाळ्यात ती पुन्हा उघडेल, तेव्हा मे महिन्यात पुन्हा पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये. त्यापुढे लगेच टाकीच्या व्हॉल्व्हबद्दल.

आमच्या शेतातली माती उन्हाळ्यात कशी फाटते हे मी जन्मापासून पाहत होते. भेगांत काठी गेली की अर्धी आत जाते. जून-जुलैत तीच जमीन मिटून गुळगुळीत होते. हे मला कळायला कोणी इंजिनिअर नको होता.

‘पूर्ण वाचला होता तू?’ साहेबांनी विचारलं.

‘नाही.’

‘अन् त्या बाईले सांगतलं?’

मी होकाराने मान हलवली.

‘एकाचा रिपोर्ट दुसऱ्याले सांगतला. तोही अर्धा वाचून.’ त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. ‘तीस वर्षं झाले मले. कोन्या कागदावर खोटं नाही लिहिलं मी.’

मी माफी मागितली. मनापासून मागितली. पण एक गोष्ट आत टोचत राहिली आणि ती मी बोलून टाकली. ‘साहेब, तुम्ही लिहिलं होतं हे खरं. पण ते टाकीच्या वर्णनात कोणाला सापडणार? मी डिप्लोमावाली, मला नाही सापडलं. ज्याने पैसे दिले त्या गिऱ्हाइकाला तरी सापडलं का?’

त्यांनी दोन्ही रिपोर्ट उचलून आलमारीत ठेवले. संध्याकाळी आलमारीला कुलूप लावलं आणि किल्ली, जी नेहमी खिळ्याला असायची, ती खिशात टाकून घरी नेली. पुढचे आठ दिवस मला फाइल लागली की मी मागायची आणि ते उठून स्वतः काढून द्यायचे. दुखऱ्या गुडघ्याने. त्या आठ दिवसांत आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोललो. मी चहा केला तर ते घेत, पण आधी कपाकडे पाहत, असं मला वाटायचं. कदाचित ते माझंच मन असेल.

नवव्या दिवशी त्यांनी माझी उमरखेडची टिपणं माझ्याकडे परत दिली. ‘तूच लिही. तुले जसं पाहिजे तसं. सही मी वाचून करीन.’

मी चार दिवस घेतले. बसस्थानकावरचा प्रश्न डोक्यातून जात नव्हता. त्या बाई माझ्यावर विश्वास ठेवणार नव्हत्या, साहेबांवर नाही, घरमालकावर तर नाहीच. मग विश्वास मागणारा रिपोर्ट लिहून काय उपयोग? त्यांना एकटीला जाऊन ताडून पाहता येईल, असा कागद हवा होता. मी मराठीत लिहिलं. पहिल्या पानावर पाहणीचा महिना, जमीन कोणती, शेवटचा पाऊस होऊन किती दिवस झाले. त्याखाली, घरात राहायला जायच्या आधी काय दुरुस्त करावंच लागेल. मग कशावर वर्षभर नजर ठेवायची. आणि शेवटी काय चांगलं आहे तेही, कारण ते न लिहिणं हीदेखील लबाडीच आहे असं मला वाटू लागलं होतं. पुढच्या पानांवर फाटकातून आत शिरून उजव्या हाताने एक-एक खोली. प्रत्येक गोष्टीपुढे, कुठे उभं राहायचं आणि काय दिसेल. ‘मागच्या खोलीत खिडकीकडे पाठ करून उभे राहा. सकाळच्या उजेडात समोरच्या भिंतीवर खालच्या डाव्या कोपऱ्यातून तिरकी ओळ दिसेल. ही बुजवलेली भेग आहे. मे महिन्यात ती उघडण्याची शक्यता आहे.’ वाळवी नाही, असं मी वेगळ्या ओळीत लिहिलं. कुठे-कुठे ठोकून पाहिलं, तेही.

पाच पानं झाली. साहेबांनी लाल पेन घेऊन दोनदा वाचली. दोन आकडे दुरुस्त केले. ‘हे असं लिहिलं तर मानूस उद्या आपल्याले विचारणारच नाही, सोताच पाहीन,’ म्हणाले, आणि सही केली. ते कौतुक होतं की तक्रार, मला कळलं नाही.

रिपोर्ट मी स्वतः शाळेत नेऊन दिला. बाईंनी तो वर्गाच्या दारात उभं राहूनच चाळला, आतून पाढ्यांचा आवाज येत होता. ‘मराठीत काहून?’ त्यांनी विचारलं. ‘इंग्रजी येत नाही वाटलं का मले?’

‘नाही. मलाच इंग्रजीत नीट सांगता येत नव्हतं.’

त्या थोडं हसल्या. पहिल्यांदाच. पण कागद घडी घालताना म्हणाल्या, ‘मी पाहून येतो एकटी.’

त्या रविवारी त्या घरी गेल्या, हे मला व्यापाऱ्याच्या फोनवरून समजलं. तो चिडला होता. ‘मॅडम, काय लिहून देल्लं तुम्ही? ते बाई दोन घंटे फिरून राह्यली घरात, हातात कागद अन् पेन्सिल. खिडकीकडे पाठ करून उभी राहते! माह्या घरात मलेच विचारते, सरका म्हणते.’

पुढच्या शनिवारी बाई यवतमाळला आल्या. रिपोर्टच्या समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. बहुतेक ठिकाणी नुसती बरोबरची खूण. चौथ्या पानावर मात्र तीन ओळी. त्यांनी ते पान माझ्यासमोर ठेवलं.

‘हे तुह्या कागदात नाही.’

शेजारच्या घराच्या छपराची पन्हाळ, म्हणजे पावसाचं पाणी खाली सोडणारा पत्र्याचा नळ, थेट या मागच्या भिंतीच्या बुडाशी उघडत होती. मी नोव्हेंबरात गेले, सगळं कोरडं होतं, दोन घरांमधल्या सांदवाडीत तुरीच्या वाळक्या तुराट्यांचा ढीग रचलेला होता. त्यामागे वाकून मी पाहिलंच नाही. बाईंनी शेजारणीशी गप्पा मारत ते काढून घेतलं होतं. दर पावसाळ्यात तिथे डबकं साचतं, शेजारीण म्हणाली होती. भिंतीच्या एका कोपऱ्यालाच जास्तीचं पाणी मिळायचं, बाकीची जमीन त्यामानाने कोरडी. म्हणूनच भेग तिथून निघालेली.

मी साहेबांना हाक मारली. ते लंगडत आले, समास वाचला, पुन्हा वाचला.

‘दोन खेपा गेलतो मी त्या घरात,’ ते म्हणाले. ‘मले नाही दिसलं.’ आणि खुर्ची ओढून बाईंसमोर बसले. भिंतीच्या बुडाला फरशीचा पट्टा कसा करायचा, पाणी नालीपर्यंत कसं न्यायचं, हे त्यांनी कागदावर काढून दिलं. तासभर ते दोघं बोलत होते. मी बाजूला उभी राहून ऐकत होते. आलमारीची किल्ली पुन्हा कधी खिळ्यावर आली ते मला नीट सांगता येणार नाही, मी त्या दिवसांत तिकडे पाहायचं सोडलं होतं. डाळीच्या पोत्याबद्दल मात्र मी साहेबांना कधीच विचारलं नाही. त्यांचं उत्तर काय असेल याची मला खात्री नव्हती, आजही नाही.

घर बाईंनी घेतलं, पण मे महिना पाहिल्यावर. व्यापारी तोवर थांबला, कारण दुसरं गिऱ्हाईक आलं नाही. भेग उघडली. पोस्टकार्डाची कड आत जाईल इतकी, पूर्वीएवढी नाही. पन्हाळ वळवायला शेजारी आधी तयार नव्हता. बाईंनी त्याच्या बायकोकरवी ते करवून घेतलं. गल्लीत त्यांना कसं वागवलं गेलं, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. पहिल्या वर्षी नव्या घराच्या पूजेला, की वंदनेला म्हणू, त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. साहेब गुडघ्यामुळे गेले नाहीत. मी गेले. खीर होती. गल्लीतली तीनच घरं आली होती, त्यांत पन्हाळवाली शेजारीण होती.

त्यानंतर आमचे सगळे रिपोर्ट मराठीत आणि तसेच निघू लागले. बँकांना इंग्रजी लागायचं, ते वेगळं. काही दलालांनी आमच्याकडे यायचं सोडलं. साहेबांनी त्याबद्दल कधी नाराजी दाखवली नाही, पण एखाद्या महिन्यात काम कमी आलं की ते माझ्याकडे एक नजर टाकत.

बऱ्याच वर्षांनी, साहेब गेल्यानंतर, पुसदचे एक इंजिनिअर मला एका लग्नात भेटले. बोलता बोलता म्हणाले, ‘तुमचा एक रिपोर्ट पाह्यला होता मी. उमरखेडच्या घराचा. एक मास्तरीनबाई घेऊन आलती, म्हणे हे सगळं खरं हाय का ते तपासून द्या. मी सगळं घर फिरलो त्या कागदानं.’

‘कधी?’

‘ते घर घ्यायच्या आधी. उन्हाळ्यात.’

म्हणजे माझ्या हातून कागद घेतल्यावर, हसल्यावर, साहेबांसमोर तासभर बसून नकाशा काढून घेतल्यावरही बाई तो रिपोर्ट दुसऱ्याकडे घेऊन गेल्या होत्या. मला राग आला. लग्नाचं जेवण गोड लागलं नाही. घरी येताना बसमध्ये मी तेच घोळवत होते की इतकं करूनही यांना माझी खात्री नव्हती.

मग मी त्या इंजिनिअरांना फोन केला आणि विचारलं, ‘काय निघालं तुमच्या तपासणीत?’

‘तुमच्या मोजमापात एक चूक होती,’ ते म्हणाले. ‘स्वयंपाकघराची उंची. चार इंच कमी लिहिली होती तुम्ही. बाकी बरोबर होतं.’

मी ते चार इंच एका कागदावर लिहून ठेवले. चूक खरी की खोटी, ते पाहायला अजून उमरखेडला जायचं आहे.